उपासकाचे वचन : गुजर्रा ते नागपूर

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला झाशी भेटते ती बहुधा विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’मधून. मथुरेस होऊ घातलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने कोकणातून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीतच होता. त्याचा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, आणि नेवाळकरांची झाशी मराठी गद्याच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. राणी लक्ष्मीबाई आणि युद्ध यांच्याइतकेच त्या ग्रंथात दानधर्माचे एक संपूर्ण जग आहे. यजमान देतो, भिक्षुक घेतो. पण घेणारा हाही देणाऱ्याप्रमाणेच गृहस्थ आहे, घरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेत असलेला. गृहस्थाने गृहस्थाला द्यायचे, असा हा व्यवहार.

याच झाशीच्या परिसरात दानाच्या आणि व्रताच्या वेगळ्या व्यवस्थेचा निर्देश करणारा एक लेख दगडावर कोरलेला होता. गोडसे भटजींच्या काळी त्याची वार्ता कोणालाच नव्हती. आज मध्य प्रदेशातील दतिया जिल्ह्यात मोडणारे, परंतु झाशीहून सहज गाठता येणारे गुजर्रा हे खेडे. तेथील अशोकाचा लघु शिलालेख १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उजेडात आला. प्राचीन लिपीच्या अभ्यासकांना या लेखाचे महत्त्व वाटले ते त्यात ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष आले आहे म्हणून. ‘देवानांप्रिय प्रियदर्शी’ या उपाधींमागचा राजा अशोकच, हे तोवर एका मस्कीच्या लेखावरून म्हणता येत होते (तो १९१५ मध्ये सापडला). गुजर्रा येथील लेखाने त्याला दुजोरा दिला. पुढे कर्नाटकातील नित्तूर आणि उडेगोळम येथील लेखांनीही दिला. नावाच्या या आनंदात त्या नावाला लागून आलेल्या दुसऱ्या शब्दाकडे मात्र थोडे दुर्लक्षच झाले. तो शब्द ‘उपासक’. अडीच वर्षे झाली, आपण उपासक आहोत, असे हा राजा सांगतो. वर्षाहून अधिक काळ संघाशी निकट संबंध आला आणि तेव्हापासून आपण नेटाने उद्योगाला लागलो, असेही सांगतो. इतर ठिकाणच्या प्रतींत याला एक कबुलीही जोडलेली आहे : सुरुवातीच्या काळात आपल्या हातून फारसा पराक्रम झाला नाही. ‘पराक्रम’ हा शब्द येथे रणांगणावरचा नसून स्वतःला सुधारण्याच्या खटपटीचा आहे, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे.

राजाने स्वतःविषयी दिलेली ही माहिती आणि तिला जोडलेला निष्कर्ष यांचा संबंध महत्त्वाचा आहे. स्वर्गप्राप्ती केवळ थोरांच्याच आवाक्यातली नाही, क्षुद्र म्हणजे लहान माणसालाही ती प्रयत्नाने साधते, असा या लघु शिलालेखांचा आशय आहे. गुजर्रा येथील प्रतीत या लहान माणसाने काय करावे तेही सांगितले आहे : धर्माचरण करावे आणि प्राण्यांविषयी संयम बाळगावा. प्राणिहिंसेपासून दूर राहणे हे उपासकाच्या पाच शीलांतील पहिले शील. म्हणजे एक उपासक इतर उपासकांशी, किंवा उपासक होऊ शकणाऱ्यांशी, बोलतो आहे. तो सम्राट असला तरी या वाक्यांपुरता त्याचा अधिकार राजाचा नाही. अडीच वर्षांचा अनुभव असलेल्या गृहस्थाचा आहे. संघाशी आलेल्या संबंधाचा अर्थ अशोकाने काही काळ चीवर धारण केले असा काही विद्वानांनी घेतला, आणि भिक्षुवेषातील अशोकाची मूर्ती पाहिल्याचे चिनी प्रवासी इत्सिंग याने नोंदवलेही आहे. तथापि लेखाची शब्दयोजना पाहता तो स्वतःची ओळख उपासक अशीच करून देतो, यात संशय राहत नाही.

हा उपासक म्हणजे नेमका कोण? भिक्षुसंघाच्या तुलनेत त्याचे स्थान कोणते, त्याने कशाची प्रतिज्ञा घेतलेली असते, आणि ती मोडल्यास काय होते? हे प्रश्न केवळ धर्मशास्त्राचे नाहीत. १९५६ साली नागपूर येथे मराठी भाषेत उच्चारल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञा हा याच परंपरेतील एक पाठ आहे. त्या पाठाने परंपरेतले काय राखले आणि काय बदलले, हे पाहायचे तर पालि वाङ्मयातील उपासकापासूनच आरंभ करावा लागतो.

‘उपासक’ या शब्दाचा धात्वर्थ जवळ बसणारा. विनयपिटकाच्या महावग्गातील कथेनुसार बुद्धाचे पहिले उपासक तपस्सु आणि भल्लिक हे दोन व्यापारी. त्या वेळी संघ अस्तित्वात नसल्यामुळे ते बुद्ध आणि धम्म या दोहोंनाच शरण गेले. म्हणून त्यांना ‘द्वेवाचिक’, म्हणजे दोन वचनांचे उपासक म्हणतात. तीन शरणांचा पहिला उपासक वाराणसीचा एक श्रेष्ठी. त्याचा मुलगा यश घर सोडून गेला होता आणि त्याला शोधत तो बुद्धापाशी आला होता. पहिल्या तीन शरणांच्या उपासिका म्हणजे याच यशाची आई आणि पत्नी. ही कथा थोडी थांबून वाचावी अशी आहे. मुलगा भिक्षू झाला, आणि त्याच घटनेने मागे राहिलेले आईबाप व पत्नी उपासक झाले. गृहत्याग आणि गृहस्थाश्रम हे परस्परविरोधी पक्ष म्हणून नव्हे, तर एकाच कुटुंबाच्या दोन वाटा म्हणून येथे उभे राहतात.

सुत्तांमध्ये उपासक होण्याचा विधी असा जवळजवळ नाहीच. प्रवचन ऐकून संतुष्ट झालेला श्रोता तीन शरणे उच्चारतो आणि आजपासून प्राण असेतोवर शरण आलेला उपासक म्हणून मला धरावे, अशी विनंती करतो. कितीतरी सुत्तांचा शेवट याच ठरीव वाक्याने होतो. वाङ्मयीन दृष्टीने ते कथानक मिटवण्याचे सूत्र आहे; त्यानंतर त्या माणसाचे काय झाले हे बहुधा कळत नाही. त्या वाक्यातील क्रियापदही पाहावे. ‘धारेतु’, म्हणजे ‘धरावे’, ‘मानावे’. वक्ता समोरच्याला विनवतो आहे. त्याचे उपासकत्व ऐकणाऱ्याच्या स्मरणात ठेवलेले आहे. कोणती नोंद नाही, दंड नाही, साक्षीदारांची सभा नाही.

पाच शीले याला जोडून येतात, पण त्यांचेही स्वरूप शपथेचे नाही. प्राणिहिंसा, न दिलेले घेणे, कामाच्या बाबतीत मिथ्याचार, असत्य भाषण आणि मद्यपान यांपासून विरत होण्याचे ‘शिक्षापद’ मी ग्रहण करतो, असे उपासक म्हणतो. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. शिकणारा चुकू शकतो, हे त्या शब्दातच गृहीत आहे. महानाम शाक्याने बुद्धाला विचारलेल्या प्रश्नांत हीच उतरंड आढळते : शरण गेल्याने मनुष्य उपासक होतो, पाच शीले पाळल्याने शीलवान उपासक होतो. पहिल्या गोष्टीसाठी दुसरी अनिवार्य नाही. जैन परंपरेशी तुलना केली तर हा सैलपणा अधिक ठळक होतो. ‘उवासगदसाओ’ या अर्धमागधी आगमग्रंथातील आनंदादी दहा उपासक पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते अशी बारा व्रते घेतात. आनंद गृहपती आपल्या मालमत्तेला, खाण्यापिण्याला, वापरण्याच्या वस्तूंना घातलेल्या मर्यादा एकेक करून मोजतो. त्या याद्या वाचताना व्यापाऱ्याची खतावणी चाळल्यासारखे वाटते. बौद्ध उपासकाला अशी खतावणी नाही. उपोसथाच्या दिवशी त्याने आठ शीले पाळावीत. शस्त्र, सजीव प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये. आईबाप, आचार्य, पत्नी, मित्र, नोकर आणि श्रमण-ब्राह्मण यांच्याशी कसे वागावे ते सिगालोवाद सुत्तावरून शिकावे. या सुत्ताला परंपरेने गृहस्थाचा विनय म्हटले आहे. मात्र भिक्षूच्या विनयाला संघाची सभा असते आणि गृहस्थाच्या विनयाला त्याचे स्वतःचे मन.

तरीही उपासक केवळ अन्नदाता होता, असे म्हणता येणार नाही. कोशांबीचे भिक्षू आपसांत भांडू लागले आणि बुद्धाचेही ऐकेनात, तेव्हा तेथील उपासकांनी त्यांना भिक्षा घालणे बंद केले आणि भांडण मिटवायला लावले. उलट बाजूने संघही उपासकावर ‘पात्र उलटे करू’ शकत असे. त्याच्याकडून भिक्षाच घ्यायची नाही, म्हणजे त्याला दानाच्या पुण्यापासून वंचित करायचे. दोन्ही बाजूंच्या हातातले शस्त्र एकच होते : भिक्षेचे पात्र. पावसाळ्यात भिक्षू हिरवे गवत तुडवीत हिंडतात अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातून वर्षावासाचा नियम निघाला, असे विनयपिटक सांगते. संघाच्या नियमांमागे गृहस्थांची कुजबुज किती ठिकाणी आहे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

मग उणीव कोठे होती? मज्झिमनिकायातील अनाथपिंडिकोवाद सुत्त त्याचे उत्तर देते, आणि उपासकाविषयीच्या समग्र पालि वाङ्मयात इतका अस्वस्थ करणारा दुसरा प्रसंग क्वचितच सापडेल. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा धनाढ्य गृहपती, जेतवन विहार बांधून देणारा, दात्यांमध्ये अग्रगण्य. तो मृत्युशय्येवर आहे. सारिपुत्त आणि आनंद त्याला भेटायला येतात. सारिपुत्त त्याला उपदेश करतो : इंद्रियांना, विषयांना, वेदनांना, इहलोकाला आणि परलोकालाही चिकटून राहू नये. ऐकता ऐकता गृहपती रडू लागतो. धीर सुटला काय, असे आनंद विचारतो. तसे नाही, असे तो सांगतो. इतकी वर्षे शास्त्याची आणि भिक्षूंची सेवा केली, पण असा उपदेश यापूर्वी कधी कानी पडला नाही. त्यावर त्याला सांगण्यात येते की शुभ्रवस्त्रधारी गृहस्थांना असा उपदेश केला जात नाही. तो प्रव्रजितांसाठी असतो. तेव्हा अनाथपिंडिक विनंती करतो : गृहस्थांनाही हे सांगत जावे. ज्यांच्या डोळ्यांत धूळ कमी आहे अशी माणसे त्यांच्यातही असतात. न ऐकल्यामुळेच त्यांची हानी होते.

जेतवनाची भूमी सोन्याच्या नाण्यांनी झाकून विकत घेणाऱ्या माणसाचे हे अखेरचे मागणे आहे. त्याने स्वर्ग मागितला नाही. ऐकण्याचा हक्क मागितला, तोही स्वतःसाठी नव्हे. सुत्ताच्या संकलकांनी, जे अर्थातच भिक्षू होते, हा प्रसंग झाकला नाही याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. उलट उदाहरणे नाहीत असेही नाही. चित्त गृहपती भिक्षूंना सूक्ष्म तत्त्वे उलगडून सांगतो, आणि संयुत्तनिकायात त्याच्या नावाचा एक स्वतंत्र विभागच आहे. खुज्जुत्तरा ही कोशांबीच्या सामावती राणीची दासी; तिने बुद्धाची प्रवचने ऐकून अंतःपुरातील स्त्रियांना सांगितली आणि ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्याच स्मरणातून आला, असे अट्ठकथेची परंपरा मानते. राजवाड्यातील कुबड्या दासीच्या तोंडून आलेला ग्रंथ त्रिपिटकात आहे, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. मात्र चित्त आणि खुज्जुत्तरा हे परंपरेने गौरवलेले अपवाद होत. सामान्य उपासकाच्या वाट्याला दान, शील आणि स्वर्ग यांची कथा आली. दुःखनिरोधाच्या मार्गाचे तपशील विहारात राहिले.

दुसरा प्रश्न निष्ठेचा. उपासक झालेल्याने इतरांचे देव, इतरांचे साधू यांच्याशी कसे वागावे? येथे पालि ग्रंथ दोन सुरांत बोलतात. निर्ग्रंथांचा अनुयायी उपाली गृहपती बुद्धाला शरण जातो तेव्हा बुद्ध त्याला सांगतो की तुझे घर निर्ग्रंथांना आजवर आधारभूत झाले आहे, त्यांना भिक्षा देणे चालू ठेव. सिंह सेनापतीलाही असेच सांगितले जाते. हा एक सूर. अंगुत्तरनिकायात मात्र वाईट उपासकाची पाच लक्षणे दिली आहेत. त्यांत शकुन-मंगलावर भरवसा ठेवणे आणि दानास पात्र व्यक्ती संघाबाहेर शोधून तिचा आधी सत्कार करणे, ही दोन येतात. अशा उपासकाला तेथे जो शब्द वापरला आहे तो ‘उपासक-चांडाल’. निष्ठा ढळलेल्याला शिवी द्यायची तर ती एका अस्पृश्य जातीच्या नावाने दिली जाते. जातिभेद नाकारणाऱ्या परंपरेच्या भाषेत समाजाची भाषा कशी शिरून बसते, याचे हे उदाहरण. १९५६ नंतरच्या मराठी वाचकाला ते बोचल्याशिवाय राहणार नाही.

व्यवहारात पहिला सूरच प्रभावी ठरलेला दिसतो. स्वतःला उपासक म्हणवणारा अशोक आपल्या बाराव्या शिलालेखात सर्व पंथांचा सत्कार करावा असे सांगतो आणि बराबर टेकड्यांतील गुहा आजीविकांना दान देतो. पुढच्या काही शतकांत महाराष्ट्रातील लेण्यांतून ‘उपासक’ आणि ‘उपासिका’ ही बिरुदे मिरवणारे कितीतरी दाते भेटतात. त्यांच्यातील एक विशेष लक्षणीय आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील चैत्यगृह भयिला नावाच्या ब्राह्मणीने दिले. तिचा पती अयितिलु याचे वर्णन लेखात ब्राह्मण आणि उपासक असे दोन्ही केले आहे. त्या दोन शब्दांत कोरणाऱ्याला विसंगती वाटली नाही, वाचणाऱ्यालाही वाटली नसावी. उपासकत्व हे जुन्या ओळखीवर चढवलेले एक नवे बिरुद होते. त्यासाठी जुनी ओळख उतरवून ठेवावी लागत नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमके येथेच बोट ठेवले. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात भिक्षू आणि उपासक यांच्या संबंधाची चर्चा आहे. तिचा मथितार्थ असा : संघात प्रवेश करण्यासाठी दीक्षा होती, परंतु संघाबाहेर राहून धम्म स्वीकारणाऱ्यासाठी वेगळी दीक्षा ठेवली गेली नाही, आणि ही गंभीर उणीव होती. या उणिवेमुळे गृहस्थ एका धर्मातून दुसऱ्यात जात-येत राहिला, प्रसंगी एकाच वेळी दोन्ही पाळत राहिला; भारतातून बौद्ध धर्म लोपण्याचे ते एक कारण ठरले. शीले भिक्षूसाठी व्रते होती आणि त्यांचा भंग दंडनीय होता, उपासकासाठी ती ऐच्छिक होती, हा भेदही ते नोंदवतात. बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची इतर कारणेही इतिहासकारांनी दिली आहेत, आणि या एका कारणाला किती वजन द्यावे याविषयी मतभेद संभवतो. अयितिलु किंवा अशोक यांच्या दृष्टीने जी उदारता होती ती आंबेडकरांना गळती वाटली, हे मात्र निश्चित. दोघांच्या परिस्थितीत फरक होता. अयितिलुला आपले ब्राह्मण्य सोडून पळायचे नव्हते. नागपूरला जमणार होते त्यांना मागे काही ठेवायचेच नव्हते.

नागपूरचा विधी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाला. दिवस विजयादशमीचा, अशोकाच्या नावाशी जोडून तो ‘अशोक विजयादशमी’ म्हणून ओळखला जातो. कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थविर यांनी बाबासाहेब आणि सविता आंबेडकर यांना पालि भाषेत त्रिशरण आणि पंचशील दिले. येथपर्यंत सारे परंपरेला धरून होते. त्यानंतर बाबासाहेबांनी, म्हणजे काही क्षणांपूर्वी उपासक झालेल्या एका गृहस्थाने, समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली आणि स्वतः तयार केलेल्या बावीस प्रतिज्ञा मराठीत म्हणवून घेतल्या. दीक्षा देणारा आणि घेणारे दोघेही शुभ्रवस्त्रधारी गृहस्थ. थेरवादी प्रघातात उपासक शीले मागतो ती भिक्षूकडे. अनाथपिंडिकाने जी गोष्ट हात जोडून मागितली होती ती येथे मागितली गेली नाही, घेतली गेली.

या प्रतिज्ञांचा पाठ म्हणून विचार केला तर पहिली गोष्ट लक्षात येते ती त्यांच्या क्रियापदांची. ‘मानणार नाही’, ‘करणार नाही’, ‘करीन’, ‘मानतो’. ‘मला धरावे’ ही जुनी विनंती येथे नाही. प्रत्येक प्रतिज्ञा ‘मी’पाशी सुरू होऊन ‘मी’पाशीच संपते. शिक्षापदातील शिकाऊपणाही गेला. चोरी न करण्याचे शिक्षापद मी ग्रहण करतो आणि मी चोरी करणार नाही, या दोन वाक्यांत नैतिक आशय एक असला तरी बोलणारा एक नाही. पहिला अभ्यासाला बसला आहे. दुसऱ्याने शब्द दिला आहे. मराठीत ‘शब्द देणे’ या प्रयोगाला जे वजन आहे ते पालि ‘समादियामि’ला नाही, आणि प्रतिज्ञांची भाषा त्या वजनावर उभी आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. पारंपरिक विधीत शरण आधी, शील नंतर. बावीस प्रतिज्ञांचा आरंभ नकारांनी होतो. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांची उपासना, अवतारकल्पना, बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे, श्राद्ध आणि पिंडदान, ब्राह्मणांकडून करवून घेतलेले विधी यांचा त्याग पहिल्या आठांत येतो. समतेच्या दोन प्रतिज्ञा त्यानंतर, आणि मग अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता व शीले. दार लावून घेतल्यावर दिवा लावावा तसा हा क्रम आहे. या नकारांना पालि परंपरेत थेट पूर्वसूरी नाहीत, पण मराठी परंपरेत आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, आणि ब्राह्मण पुरोहिताला वगळून विधी करणे हा त्या चळवळीचा गाभा होता. त्याआधीच्या परमहंस सभेतही प्रवेशाच्या वेळी जातिबंधन मोडून दाखवावे लागे. प्रपंचात राहून गळ्यात तुळशीची माळ घालणारा आणि तिच्यासोबत मद्यमांस सोडणारा वारकरी हा तर मराठी मुलखाला सर्वांत परिचित असा व्रतस्थ गृहस्थ. त्याचे दैवत प्रतिज्ञांनी नाकारले असले, तरी गृहस्थाने जाहीर नियम स्वीकारून नवे आयुष्य सुरू करावे ही कल्पना नागपूरच्या श्रोत्यांना नवी नव्हती. बावीस प्रतिज्ञांचा आशय पालि परंपरेतून आला असला, तरी त्यांचा साचा बऱ्याच अंशी महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकाने घडवलेला आहे. हा मुद्दा अद्याप पुरेसा मांडला गेलेला नाही.

तिसरी गोष्ट आशयाची, आणि कदाचित ती सर्वांत दूरगामी आहे. अष्टांगिक मार्ग आणि दहा पारमिता यांचे पालन येथे सर्वांना सांगितले आहे. पारमिता हा बोधिसत्त्वाचा मार्ग. थेरवादी देशांत गृहस्थाच्या नित्य शीलांत त्यांचा समावेश होत नाही. प्रज्ञा, शील आणि करुणा या तीन तत्त्वांनुसार जगण्याची प्रतिज्ञाही आहे. म्हणजे विहारात राखून ठेवलेले सारे काही येथे उघड्या मैदानावर, शेतमजूर आणि गिरणीकामगारांच्या हाती, एकाच दिवसात दिले गेले. पहिल्या शीलाचे रूपही पालटले. हिंसेपासून विरत होणे एवढ्यावर न थांबता प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आली. गुजर्रा येथील लेखात लहान माणसाला सांगितलेला प्राण्यांविषयीचा संयम आणि ही प्रतिज्ञा शेजारी ठेवून पाहाव्यात : एक हात आवरून घेते, दुसरी हात पुढे करायला सांगते.

या बदलाची किंमतही होती. दार बंद करणारी प्रतिज्ञा पाळायची म्हणजे घरातले देव बाहेर काढायचे. सासरी-माहेरी, लग्नात, मयतात, गावजत्रेत रोज नव्याने नाही म्हणायचे. मराठी दलित आत्मकथनांतून देव्हारा रिकामा करण्याचे प्रसंग वारंवार येतात, आणि त्यांत म्हाताऱ्या माणसांची घालमेलही असते. उपाली गृहपतीला मिळालेली मोकळीक या घरांना नव्हती. दुसऱ्या बाजूने, या शब्दांचा जाहीर उच्चार आजही कृती ठरतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीतील एका समारंभात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या आणि तेथे उपस्थित असलेल्या दिल्ली सरकारच्या एका मंत्र्याला पदाचा राजीनामा द्यावा लागला. केवळ शिक्षापदे म्हटली गेली असती तर असे काही घडण्याचे कारण नव्हते.

प्रतिज्ञांचा प्रवास मराठीबाहेरही झाला. उत्तर प्रदेशात, त्यात झाशी आणि बुंदेलखंडही आले, त्या हिंदीतून म्हटल्या जातात. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चा भदंत आनंद कौसल्यायन यांनी केलेला हिंदी अनुवाद तिकडे १९६० नंतरच्या काळात वाचला जाऊ लागला. गोडसे भटजींनी झाशीची हकीकत मराठीत आणली. शंभर वर्षांनंतर एक मराठी पाठ उलट दिशेने झाशीकडे गेला. हिंदीत ‘करूँगा’, ‘नहीं मानूँगा’ असे क्रियापद आले की स्त्रीच्या तोंडी ‘करूँगी’ येणे भाग पडते. मराठीत ‘करीन’ आणि ‘करणार नाही’ ही रूपे उपासक-उपासिका दोघांनाही चालतात. नागपूरच्या मैदानावर स्त्री-पुरुषांनी बहुतांशी एकाच शब्दांत वचन दिले, त्याला मराठीच्या भविष्यकाळाची ही सोयही कारण झाली.

बावीस प्रतिज्ञांनंतरच्या मराठी बौद्ध समाजाने भिक्षूला वगळले नाही, पण त्याच्यावाचून अडून राहणेही सोडले. १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेने प्रशिक्षित केलेले बौद्धाचार्य हे गृहस्थच असतात. नामकरण, विवाह आणि अंत्यविधी तेच करतात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात वस्तीतल्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. वाचला जातो तो बहुधा बाबासाहेबांचाच ग्रंथ, मराठी अनुवादातून. वाचणारी पुष्कळदा एखादी शिकलेली मुलगी किंवा सून असते आणि ऐकणाऱ्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका. चातुर्मासातील पोथीवाचनाशी या प्रथेचे रूप जुळते, हे उघड आहे. तिचे दुसरे साम्य मात्र फार जुने आहे. राजस्थानातील बैराटजवळ सापडलेल्या आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या भाब्रू लेखात अशोकाने धम्माचे सात पाठ नावानिशी सांगितले आहेत. ते भिक्षू आणि भिक्षुणींनी वारंवार ऐकावेत आणि मनात धरावेत, असे तो लिहितो; आणि पुढे जोडतो की उपासक आणि उपासिकांनीही तसेच करावे.